माळ मोडण्याचा मुहूर्त

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर घेतला आणि त्याच्या साधारण मध्यावरून उत्तर-दक्षिण जाणारी शंभराव्या पश्चिम रेखांशाची रेघ पाहिली, तर तिच्या पूर्वेस मक्याचा आणि सोयाबीनचा हिरवा, पावसाळी मुलूख पसरलेला आढळतो, आणि पश्चिमेस, थेट रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत, जिथे वर्षाकाठी पंधरा ते वीस इंचांहून अधिक पावसाची शाश्वती कोणी देऊ शकत नाही, असा उंच, सपाट आणि अहोरात्र वाऱ्याने झोडपला जाणारा प्रदेश सुरू होतो. पाटाच्या पाण्यावाचून केवळ पावसाच्या भरवशावर शेती करावयाची तर वीस इंच ही तिची किमान मर्यादा होय, आणि ती मर्यादा स्थूलमानाने याच रेघेवरून जाते, हे जॉन वेस्ली पॉवेल याने १८७८ साली रुक्ष प्रदेशाविषयी सरकारास सादर केलेल्या अहवालात बजावून ठेवले होते. तरीही लोक तेथे गेले, वसले, आणि त्यांनी जिरायती गहू पिकविला. रशियातून १८७४ च्या सुमारास कान्ससमध्ये आलेल्या मेनोनाइट पंथीयांनी आपल्याबरोबर आणलेला तांबडा, कणखर हिवाळी गहू त्या हवेला असा मानवला की पश्चिम कान्सस, पूर्व कोलोराडो, नेब्रास्काचा पश्चिम भाग आणि ओक्लाहोमा व टेक्सास यांचे कोरडे पट्टे आजही मुख्यतः त्याच वाणाच्या वंशजांवर जगतात.

या मुलखातील लक्षावधी एकर जमीन गेल्या चार दशकांत सरकारशी केलेल्या करारान्वये नांगराखालून काढून गवताखाली घातली गेली, आणि त्यांपैकी पुष्कळशी, कराराची मुदत संपताच, पुन्हा वहितीखाली आली. दहा-पंधरा वर्षे ज्या रानाला लोखंड लागलेले नाही, जेथे बारमाही गवताची मुळे हातभर खोल गुंतून बसली आहेत, ते रान पुन्हा गव्हाला द्यावयाचे तर कोणत्या महिन्यात मोडावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. कोणत्या अवजाराने मोडावे याविषयी तेथील शेतकऱ्यांत आणि कृषिशास्त्रज्ञांत वाद पुष्कळ झाले. परंतु माझ्या मते अवजाराचा प्रश्न दुय्यम आहे. गवताचे पाणी पिणे कोणत्या दिवशी थांबते, यावर पहिल्या पिकाचे बहुतेक सारे भवितव्य ठरते, आणि तो दिवस पेरणीच्या आधी शक्य तितका दूर असावा लागतो.

हे गवत तेथे आले कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाचे भाव चढले, पाठोपाठ ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले, आणि १९२० नंतरच्या दशकात जे कुरण कधीही मोडावयास नको होते तेही मोडले गेले. १९३० नंतर अवर्षणे आली आणि उघडी पडलेली माती आकाशात उडाली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी त्या मैदानावर धुळीचे जे काळे वादळ चालून आले त्याची आठवण तेथील लोकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. त्याच महिन्यात ह्यू हॅमंड बेनेट याच्या अथक आग्रहामुळे मृदासंधारणाचा कायदा संमत झाला आणि त्यासाठी स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले. पुढे १९५६ साली, धान्याचे साठे अतोनात वाढल्यामुळे, जमिनी मोबदला देऊन पडीत ठेवण्याची एक योजना निघाली आणि १९६० पर्यंत तिच्याखाली पावणेतीन कोटींहून अधिक एकर गेले. परंतु तिचे करार संपले, १९७२ साली सोव्हिएत रशियाने अमेरिकेत प्रचंड धान्यखरेदी केली, भाव भडकले, आणि ते गवत जवळजवळ नावालाही शिल्लक राहिले नाही. डिसेंबर १९८५ मधील कृषिकायद्याने निर्माण केलेली कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम ही आजची राखीव योजना त्याच अनुभवातून आली आहे. धूप होण्यास प्रवण अशी जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवताखाली ठेवावी, सरकारने दर एकरी वार्षिक खंड द्यावा आणि गवत लावण्याचा निम्मा खर्च सोसावा, आणि स्थानिक बाजारपेठा ओस पडू नयेत म्हणून कोणत्याही परगण्यातील वहितीच्या जमिनीपैकी सामान्यतः चतुर्थांशाहून अधिक जमीन घेऊ नये, अशा तिच्या शर्ती होत्या. पहिल्या चार-पाच वर्षांतच सुमारे ३.४ कोटी एकर तिच्यात दाखल झाले. २००७ साली हा आकडा ३.६८ कोटींवर पोहोचला, आणि नंतरच्या दहा वर्षांत, धान्याचे भाव व संसदेने घातलेली मर्यादा या दोहोंच्या दाबाखाली, तो २.४ कोटींच्या आसपास उतरला. या उतरणीत जे एकर निघाले त्यांतील मोठा हिस्सा याच कोरड्या गहूपट्ट्यातील होता.

आता पाण्याकडे वळू, कारण या मुलखात शेतीचा खरा जमाखर्च पाण्याचाच असतो. तेथील हिवाळी गहू सप्टेंबरात पेरतात; तो हिवाळाभर थंडीत निपचित राहतो, वसंतात वाढतो आणि जूनच्या अखेरीस किंवा जुलैत कापणीस येतो. एका वर्षाचा पाऊस एका पिकाला पुरत नाही म्हणून जुन्या पद्धतीत कापणीनंतर जमीन चौदा महिने पडीत ठेवून, तणे मारून, दोन वर्षांच्या पावसातून एक पीक काढीत. या पडीत काळात पडलेल्या पावसापैकी जमिनीत किती साठते, हे ऐकून आपल्याकडील वाचकास आश्चर्य वाटेल: विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा हार्डी कॅम्बेल याच्या उपदेशानुसार रानाचा वरचा थर पुनःपुन्हा भुसभुशीत करून धुळीचे आच्छादन राखण्याची प्रथा होती, तेव्हा हे प्रमाण जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके असे, आज धसकटे उभी ठेवून, नांगर न लावता, केवळ तणनाशकावर पडीत राखले तर ते पस्तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. उरलेला सारा पाऊस ऊन आणि वारा घेऊन जातात. ही साठवणही वर्षभर सारखी होत नाही. थंडीच्या दिवसांत, जेव्हा बाष्पीभवन मंद असते आणि उभ्या धसकटांत अडकलेला बर्फ हळूहळू वितळून मुरतो, तेव्हा ती सर्वांत किफायतशीर होते. जुलै-ऑगस्टच्या तापलेल्या दिवसांत पडलेल्या सरीचा मात्र मोठा भाग दोन-चार दिवसांत परत हवेत जातो.

अशा जमाखर्चात बारमाही गवत बसले म्हणजे काय होते? गवताची मुळे पाच-सहा फूट खोल जातात, आणि हिरवेपणाच्या काळात ती मुळे पडलेल्या पावसातून मिळेल तो प्रत्येक थेंब शोषून घेतात. म्हणून दहा वर्षे गवताखाली असलेल्या रानात ऑगस्टच्या अखेरीस खोदून पाहिले तर वरपासून खालपर्यंत माती कोरडी, टणक आणि फिकी लागते. शेजारच्या पडीत ठेवलेल्या गव्हाच्या रानात त्याच दिवशी चार-पाच फुटांपर्यंत ओल लागत असेल, परंतु गवती रानात तिचा मागमूस नसतो. गाळवट पोयट्याची जमीन एका फुटात पिकाला उपयोगी असे साधारण दोन इंच पाणी धरू शकते. म्हणजे पाच फुटांच्या थरात सुमारे दहा इंच पाणी मावते, आणि हे सर्व कोठार गवत मोडणाऱ्याच्या हाती रिकामे येते. नवशिका माणूस येथेच फसतो. गवताखालची जमीन विसावलेली आहे, तिचा कस वाढलेला आहे, तिच्यात सेंद्रिय द्रव्य साचले आहे, म्हणून पहिले पीक भरघोस येईल असे तो समजतो. कस वाढलेला असतो हे खरे. परंतु जिरायती शेतीत कसाआधी पाण्याची वेळ येते.

आता दोन शेतकरी कल्पू या. एकाने गवत जुलैच्या आरंभी मारले आणि सप्टेंबरात गहू पेरला. दुसऱ्याने तेच गवत मेच्या आरंभी मारले. या पट्ट्यात मे, जून आणि जुलै हे वर्षातील सर्वांत पावसाचे महिने. मे ते ऑगस्ट दहा इंच पाऊस पडला आणि त्याचा चतुर्थांश साठला असे धरले तर दुसऱ्याच्या रानात अडीच इंच पाणी येते, पहिल्याच्या रानात मात्र जेमतेम त्याच्या निम्मे. हा एक-सव्वा इंचाचा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु पूर्व कोलोराडोतील अॅक्रन येथे १९०७ पासून चालू असलेल्या सरकारी संशोधनकेंद्राचा अनुभव असा आहे की पेरणीच्या वेळी जमिनीत असलेल्या प्रत्येक अधिक इंचामागे एकरी सुमारे पाच बुशेल, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ १३५ किलो, गहू अधिक येतो. आणि जो शेतकरी आदल्या शरदातच गवत संपवून हिवाळ्याची व वसंताची ओल पदरात पाडून घेईल त्याचे पारडे आणखी जड होते, कारण त्याच्या हाती बारमहा पडीत रान येते, आणि त्यातही बर्फाचे महिने येतात, ज्यांत साठवण सर्वांत चांगली होते.

मग सर्वांनी शरदातच गवत मारावे, असे का होत नाही? येथे गवताच्या जातीचा प्रश्न उपस्थित होतो. या योजनेत लावलेली गवते दोन प्रकारची आहेत. ब्ल्यू ग्रामा, साइडओट्स ग्रामा, स्विचग्रास, आणि दक्षिणेकडे ओल्ड वर्ल्ड ब्लूस्टेम या नावाने ओळखली जाणारी, आशिया-आफ्रिकेतून नेलेली व आपल्याकडील मारवेलशी जवळचे नाते सांगणारी चिवट गवते, ही सारी उष्ण ऋतूतील. ती वसंताच्या उत्तरार्धात फुटतात, उन्हाळ्यात जोमाने वाढतात आणि पहिल्या कडक थंडीबरोबर पिवळी पडून निद्रिस्त होतात. स्मूथ ब्रोम, क्रेस्टेड व्हीटग्रास, वेस्टर्न व्हीटग्रास ही शीत ऋतूतील गवते. ती एप्रिल-मे मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात हिरवी असतात व भर उन्हाळ्यात मंदावतात. ग्लायफोसेट हे १९७४ पासून बाजारात आलेले तणनाशक हिरव्या, वाढत्या पानांतून शिरून मुळांपर्यंत जाते. निद्रिस्त गवतावर ते फवारणे म्हणजे पैसा वाऱ्यावर सोडणे होय. म्हणून शीत ऋतूतील गवत शरदात मारता येते आणि पाण्याचा हिशेब व गवताचा हिशेब एकाच तारखेस जुळतो. परंतु उष्ण ऋतूतील गवत फवारून मारावयाचे तर ते फुटून वीतभर वर येईपर्यंत थांबावे लागते, आणि तोपर्यंत मेचा पाऊस ते पिऊन टाकते. त्यातही, दहा वर्षांचे वाळलेले जुने पात वर तसेच उभे असेल तर फवारा त्याच्यावरच अडकतो आणि खालच्या हिरव्या पानांना लागत नाही. म्हणून आधी ते कापून न्यावे लागते, चारावे लागते, किंवा आदल्या थंडीत जाळावे लागते. या पूर्वतयारीस एक ऋतू लागतो, आणि ज्याने ती केली नाही त्याचे दोन-दोन फवारे फुकट जातात.

लोखंडाला निद्रिस्त गवताची अडचण नाही. नांगर कोणत्याही महिन्यात मुळे कापू शकतो. परंतु त्याची स्वतःची एक अट असते. ओल्या मातीत कापलेले गवताचे ठोंब मरत नाहीत, ते उलटून पडतात आणि पुढल्या पावसात पुन्हा मुळे धरतात. त्यांना मारावयाचे तर कापल्यानंतर ऊन आणि कोरडा वारा हवा. हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. हरळी माजलेले काळे रान तो चैत्र-वैशाखात खोल नांगरून, ढेकळे उन्हात तापत ठेवून, काशा वेचून काढतो, पावसाळ्यात नाही. मात्र कोरड्या गहूपट्ट्यात हीच अट पाण्याच्या हिशेबावर उलटते, कारण ज्या महिन्यांत मुळे सुकविणे सोपे त्या महिन्यांपर्यंत थांबले तर पाणी निघून गेलेले असते, आणि ज्या महिन्यांत पाणी मुरवावयाचे त्या महिन्यांत कापलेले गवत पुन्हा जगते. या पेचातून सुटण्याचा मार्ग तेथे अनुभवाने सापडला आहे: पहिली मशागत लवकर, शरदात किंवा वसंताच्या आरंभी करावी, आणि जे ठोंब पुन्हा फुटतील त्यांच्यासाठी उन्हाळ्यात आणखी दोन-तीन पाळ्या, किंवा त्यांतील एक पाळी फवाऱ्याची, राखून ठेवावी. पहिल्या पाळीत गवत शंभर टक्के मरत नाही, परंतु त्याचे पिणे खंडित होते, आणि मेच्या पावसाला खाली जाण्यास वाट मिळते. जो शेतकरी एकाच घावात सारे संपविण्याच्या इच्छेने जुलैची वाट पाहतो त्याचे गवत कदाचित अधिक स्वच्छ मरत असेल, परंतु गहू मात्र कोरड्या मातीत पडतो.

वेळेचे दुसरे प्रयोजन नत्र हे आहे, आणि त्याकडे पाण्याच्या मानाने कमी लक्ष दिले जाते. दहा वर्षांच्या गवताखाली मुळांचा आणि काडीकचऱ्याचा जो साठा झालेला असतो त्यात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. हा कचरा कुजविणारे सूक्ष्मजीव आपल्या शरीरासाठी मातीतील उपलब्ध नत्र ओढून घेतात, आणि कुजण्याच्या पहिल्या टप्प्यात पिकाला देण्यासारखे काहीच शिल्लक ठेवीत नाहीत. काही महिने लोटल्यावर, मुळे मऊ पडून विघटन पुढे गेल्यावर, हाच नत्र हळूहळू मोकळा होतो. म्हणून आठ-दहा महिने आधी मोडलेल्या रानात पेरणीपर्यंत नायट्रेट साठलेले मिळते, आणि पेरणीच्या सहा आठवडे आधी मोडलेल्या रानात गव्हाची रोपे वसंतात पिवळी पडून उभी राहतात. नांगर न लावता केवळ फवाऱ्याने मारलेल्या रानात हे विघटन आणखी मंद असते, म्हणून तेथे खताची मात्रा वाढवावी लागते. खत घालून नत्राची उणीव भरून काढता येते. पाण्याची येत नाही. म्हणूनच मी पाण्यास प्रथम स्थान दिले.

लवकर मोडण्याच्या या आग्रहाविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो वाऱ्याचा. शरदात उघडे केलेले रान नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे वारा सर्वांत मोकाट असतो त्या काळात, उघडेच राहते. ज्या जमिनी धूप होण्यास प्रवण म्हणूनच मुळात गवताखाली घातल्या, त्यांच्या बाबतीत हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. येथे मात्र अवजाराचा प्रश्न आपल्या योग्य जागी येऊन बसतो. पलटी नांगर गवत उलथून गाडतो आणि माती पूर्ण उघडी करतो. तव्यांचा कुळव ढेकळे फोडून धूळ करतो. याउलट रुंद व्ही-आकाराचे पाते जमिनीखाली चार-पाच इंचांवरून ओढीत नेले तर मुळे कापली जातात आणि गवताचे पात वर जसेच्या तसे उभे राहते. आपल्या कुळवाची पास जे काम करते तेच हे, फक्त पाते पाच-सहा फूट रुंद आणि ओढण्यास ट्रॅक्टर. १९३० नंतरच्या धुळीच्या वर्षांत कॅनडातील आल्बर्टा प्रांतात चार्ल्स नोबल याने असे पाते घडविले. ओक्लाहोमातील हूकर येथे फ्रेड होएमे याने माती न उलटता फाडणारा मजबूत दात्यांचा नांगर तयार केला. आणि नेब्रास्कातील लिंकन येथे ड्यूली आणि रसेल यांनी १९३८ पासून प्रयोग करून वर राखलेले धसकट पाणी मुरविते व माती धरते हे दाखवून दिले. ज्या मुलखाने मातीचे वादळ पाहिले त्यानेच हे ज्ञान निर्माण केले, याविषयी मला मनापासून आदर वाटतो. या पात्याने शरदात कापलेले रान हिवाळ्याच्या वाऱ्यास पुष्कळसे तोंड देऊ शकते. परंतु जेथे माती रेताड आहे, तेथे तेवढेही पुरेसे नाही. तेथे वसंतात किंवा उन्हाळ्यात केवळ फवाऱ्याने गवत मारावे, पात उभे ठेवावे, त्यातच पाभर चालवावी, आणि पहिल्या पिकाचे थोडे नुकसान सोसावे. आणि जेथे वाळूचे टेकाड आहे तेथे, कराराची मुदत संपली म्हणून काय झाले, ते मोडूच नये. १९८५ च्या कायद्यानेच अशी तजवीज केली आहे की अतिशय धूपप्रवण जमीन मान्य केलेल्या संधारण-आराखड्यावाचून मोडणाऱ्याचे सरकारी साहाय्य बंद व्हावे. ही शर्त कडक वाटते, परंतु ती न्याय्य आहे; वाऱ्याने उडालेली माती एका शेतकऱ्याच्या बांधावर थांबत नाही.

कायद्याच्या दिनदर्शिकेची आणि जमिनीच्या दिनदर्शिकेची गाठ पडते ती याच ठिकाणी. करार ३० सप्टेंबरला संपतात, आणि त्या प्रदेशात गव्हाची पेरणी त्याच महिन्यात उरकावयाची असते. मुदत संपेपर्यंत गवताला हात लावावयाचा नाही असा नियम अक्षरशः पाळला तर शेतकऱ्याला पुढचे संपूर्ण वर्ष खंडही नाही आणि पीकही नाही अशा अवस्थेत काढावे लागेल. म्हणून शरदात पेरावयाच्या पिकासाठी कराराच्या अखेरच्या वर्षी १ जुलैपासून जमिनीची तयारी करण्याची मुभा देण्यात आली, आणि शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेस, जेथे वार्षिक पाऊस पंचवीस इंचांहून कमी आहे, तेथे ही तारीख १ मेपर्यंत अलीकडे आणली गेली. हे दोन महिने कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हेत. पावसाच्या महिन्यांचा नीट विचार करून ते दिलेले आहेत. परंतु त्यांची किंमतही कोणीतरी देते. कान्ससमध्ये एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ मानला जातो, आणि प्रेअरी कोंबडीची लहान जात, जिच्या नष्टप्राय होण्याची चिंता तेथे वाहिली जाते, ती पश्चिम कान्ससमध्ये याच राखीव गवतामुळे टिकून आहे. मे महिन्यात फिरविलेले पाते घरट्यांवरून जाते. म्हणून जेथे गवताची जात अनुकूल आहे तेथे मुदत संपल्यावर शरदातच गवत मारून पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबणे मला अधिक योग्य वाटते: पक्ष्यांची वीण आटोपलेली असते, हिवाळ्याची ओल पदरात पडते, नत्र मोकळा होतो, आणि जातो तो एका वर्षाचा खंड. तो कोणी सोसावा हा प्रश्न मात्र गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने खरोखरच बिकट आहे, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्यास नाही.

आपल्याकडे सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधनकेंद्र सुरू झाले तेव्हा त्याच्यापुढील प्रश्नही मूलतः हाच, पेरणीआधी जमिनीत ओल साठविण्याचा, होता. भारी काळ्या रानात खरीप पडीत ठेवून, पावसाळाभर वखराच्या पाळ्या घालून, जमिनीत साठविलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पिकवावयाची, ही दक्षिणेची जुनी वहिवाट. तिचा शास्त्रीय अभ्यास करणारे एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. तेथील शेतकऱ्याला अॅक्रनच्या शेतकऱ्याची चिंता एका वाक्यात समजावी, इतके हे दोन मुलूख या बाबतीत एकमेकांच्या जवळ आहेत.

गवत मोडणाऱ्याने आणखी एक-दोन गोष्टींची जाण ठेवावी. जुन्या राखीव रानात हिवाळी वार्षिक गवते, विशेषतः डाउनी ब्रोम, शिरलेली असतात, आणि त्यांचे जीवनचक्र गव्हासारखेच असल्यामुळे ती पिकात राहिली तर काढणे कठीण जाते. लवकर मोडलेल्या रानात त्यांचा एक हंगाम पडीतातच उगवून मरतो. शिवाय मुळांवर जगणाऱ्या अळ्या व तारकिडे ताज्या मोडलेल्या रानात बियाण्यावर तुटून पडतात, आणि गवत जितके अलीकडे मारलेले असेल तितका त्यांचा उपद्रव अधिक होतो.

सप्टेंबर उजाडला म्हणजे हा सारा हिशेब तपासण्याचे एक साधे साधन तेथील शेतकऱ्याजवळ असते: टोकाशी गोळी असलेली लांब लोखंडी सळई. ती हाताच्या जोराने जमिनीत दाबावयाची. ओल्या मातीतून ती सहज जाते आणि कोरड्या थरावर येऊन थांबते. कान्ससमधील हेज येथील प्रयोगक्षेत्रावर हॅलस्टेड आणि मॅथ्यूज यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेरणीच्या वेळी ओल किती फूट खोल आहे याचा आणि पुढल्या उत्पन्नाचा संबंध जुळवून दाखविला होता, आणि ओल उथळ असेल तर त्या वर्षी गहू पेरण्याचा हट्ट सोडावा असाच त्याचा रोख होता. सळई तीन फूट किंवा त्याहून अधिक गेली तर नि:शंक पेरावे. ती फुटा-दीड फुटावरच अडली, तर गवत कितीही स्वच्छ मेलेले असो, वरची माती वापशावर आलेली असो आणि बियाणे घरात येऊन पडलेले असो, पाभर परत खोपटात न्यावी, गवताचे पात हिवाळाभर उभे ठेवावे, आणि पुढल्या जूनमध्ये ते रान ज्वारीला किंवा वरईच्या जातीच्या प्रोसोला द्यावे, नाहीतर आणखी एक उन्हाळा पडीत राखून पुढल्या सप्टेंबरात पुन्हा सळई घेऊन शेतात जावे.